मोजून बांधलेलं जेवण

1959 साली अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या मीड जॉन्सन या कंपनीने 'मेट्रेकल' नावाची पूड बाजारात आणली. कंपनी मूळची तान्ह्या मुलांच्या आहाराची. आजाऱ्यांच्या अंगी ताकद यावी म्हणून ती आधीपासून जी पूड विकत होती, तिच्याशी मेट्रेकलचं जवळचं नातं होतं. फरक इतकाच, की ही नवी पूड धडधाकट पण जाड माणसांनी जेवणाऐवजी घ्यायची होती. दिवसाची पूड पाण्यात कालवायची आणि तिचे चार पेले करायचे. एका पेल्यात 225 कॅलरी, म्हणजे दिवसाच्या 900. बाकी काही खायचं नाही. पुढच्याच वर्षी तयार पेयाचे डबे आले आणि कालवायचा त्रासही गेला. वजन घटवण्यासाठी कुणीतरी मोजून-मापून बांधलेलं जेवण विकत घ्यायचं, या धंद्याने खरा जोर धरला तो इथून. आज मुंबई-पुण्यात डाएट डबा लावताना जो प्रश्न पडतो, की एवढे पैसे मोजून काही हाती लागतं का, त्याचं उत्तर या साठ-पासष्ट वर्षांच्या इतिहासात बऱ्यापैकी सापडतं. अशा जेवणाने वजन उतरतं, यात शंका घ्यायचं कारण नाही. पण ते उतरवण्याचं काम मुख्यतः जेवणाच्या खोक्याबरोबर येणारी आखणी करते, खोक्यातल्या पदार्थाचा त्यात फारसा वाटा नसतो. कंपन्यांनी मात्र पदार्थ विकला, कारण आखणी एकदा विकली की संपली. जेवण रोज विकता येतं.

मेट्रेकलला गिऱ्हाईक का मिळालं, हे समजून घ्यायला थोडं मागे जावं लागतं. अन्नातली ऊर्जा कॅलरीत मोजण्याचं शास्त्र एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विल्बर अ‍ॅटवॉटर यांनी अमेरिकेत रुजवलं. 1918 साली लुलू हंट पीटर्स या डॉक्टर बाईंनी कॅलरी मोजून खाण्यावर पुस्तक लिहिलं आणि ते अफाट खपलं. तिथून पुढे बारीक होणं हे हिशेबाचं काम झालं. प्रत्येक घासाची किंमत ठाऊक हवी, ती लिहून ठेवायला हवी आणि संध्याकाळी बेरीज जमायला हवी. हे काम कंटाळवाणं असतंच, शिवाय ते चुकतंही. आपण किती खाल्लं याचा माणसाचा अंदाज जवळजवळ नेहमी कमी भरतो. मेट्रेकलने हा हिशेब गिऱ्हाइकाच्या डोक्यावरून उतरवून कारखान्यात नेला. चव यथातथाच होती आणि तोचतोपणा जीव नकोसा करणारा होता. साठीचं दशक सरता सरता तिची लाट ओसरली. कल्पना मात्र टिकली: काय खायचं हे ठरवण्याची वेळच माणसावर येऊ द्यायची नाही.

या कल्पनेला आखणीची आणि देखरेखीची जोड नसेल तर काय होतं, हे सत्तरच्या दशकात दिसलं. 1976 साली रॉबर्ट लिन या डॉक्टरांनी द्रवरूप प्रथिनांवर राहण्याचा मार्ग सांगणारं पुस्तक लिहिलं. ही प्रथिनं कत्तलखान्यात उरलेल्या कातडी आणि स्नायुबंधांपासून काढलेली होती; त्यांचा दर्जा निकृष्ट होता आणि दिवसाच्या कॅलरी 400च्याही आत होत्या. दुकानात सहज मिळणाऱ्या अशा बाटल्यांवर माणसं आठवडेच्या आठवडे राहिली. पुढच्या दोनेक वर्षांत या आहाराशी संबंधित साठच्या आसपास मृत्यू अमेरिकी सरकारच्या नोंदीत आले, त्यांतले अनेक हृदयाची लय बिघडल्याने झालेले. बाटल्यांवर इशारा छापणं सक्तीचं झालं. त्यानंतर अति-कमी कॅलरींची पेयं मुख्यतः डॉक्टरांच्या देखरेखीखाली आली आणि खुल्या बाजारात पेयाची जागा हळूहळू ताटासारख्या दिसणाऱ्या जेवणाने घेतली.

त्यालाही कारणं होती. अमेरिकेत बायका मोठ्या संख्येने नोकरीला लागल्या होत्या, घरोघरी मायक्रोवेव्ह येत होता आणि गोठवलेलं जेवण गरम करून खाण्याची सवय पन्नाशीच्या दशकापासून मुरलेली होती. हे सगळं या धंद्याच्या पथ्यावर पडलं. 1981 साली स्टाउफर कंपनीने 'लीन क्विझीन' या नावाने दहा पदार्थ काढले, प्रत्येक 300 कॅलरींच्या आतला. फिलाडेल्फियात 1972 साली निघालेल्या न्यूट्रिसिस्टमने आपल्या केंद्रांतून पाकीटबंद जेवण विकायला सुरुवात केली. जेनी क्रेग आणि त्यांचे पती सिड यांनी 1983 साली मेलबर्नला पहिलं केंद्र उघडलं आणि दोन वर्षांनी ते अमेरिकेत आले. गिऱ्हाइकाने आठवड्यातून एकदा केंद्रात यायचं, वजन करायचं, सल्लागाराशी बोलायचं आणि पुढच्या आठवड्याची खोकी घेऊन जायचं, असा क्रम. सल्लागार धीर देई, चुका दाखवी आणि जेवणही विकी. मार्गदर्शक आणि विक्रेता एकच, ही या पद्धतीतली मेख. गिऱ्हाईक स्वतःच्या स्वयंपाकघरात परत जाईल तो दिवस सल्लागाराच्या दृष्टीने यशाचा, पण दुकानाच्या दृष्टीने तोट्याचा.

1988 च्या नोव्हेंबरात ओप्रा विन्फ्री आपल्या टीव्ही कार्यक्रमात लाल रंगाची छोटी गाडी ओढत आल्या. गाडीत 67 पौंड, म्हणजे साधारण 30 किलो प्राण्यांची चरबी भरलेली होती. त्यांनी ऑप्टिफास्ट या पेयावर राहून घटवलेलं तेवढंच वजन. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं आणि कंपनीचे फोन खणखणू लागले. पुढे वजन परत आलं, हेही ओप्रांनी उघडपणे सांगितलं. याच सुमारास लोकप्रतिनिधींनी या धंद्याकडे लक्ष वळवलं. 1990 साली अमेरिकी काँग्रेसमध्ये रॉन वायडन यांच्या उपसमितीपुढे सुनावण्या झाल्या. 1993 साली फेडरल ट्रेड कमिशन या सरकारी संस्थेने न्यूट्रिसिस्टम, जेनी क्रेग आणि वेट वॉचर्स यांच्यासह पाच कंपन्यांवर पुराव्याविना दावे केल्याचा ठपका ठेवला. जेनी क्रेगशी 1997 साली तडजोड झाली, तेव्हा पुष्कळ लोकांच्या बाबतीत घटलेलं वजन टिकत नाही, अशा आशयाची कबुली विशिष्ट जाहिरातींत देणं बंधनकारक झालं. आक्षेप वजन उतरत नाही असा नव्हता. उतरलेलं राहतं, हे कंपन्या दाखवू शकत नव्हत्या.

मग खरे आकडे काय सांगतात? 2010 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत 442 स्त्रिया होत्या. जेनी क्रेगच्या केंद्रात जाणाऱ्यांचं वजन दोन वर्षांनी सरासरी 7.4 किलोंनी, फोनवर मार्गदर्शन घेणाऱ्यांचं 6.2 किलोंनी आणि नेहमीचा जुजबी सल्ला मिळालेल्यांचं 2 किलोंनी घटलेलं होतं. निकाल चांगला आहे, आणि पैसा कंपनीचा होता एवढ्यावरून तो मोडीत काढण्याचं कारण नाही. पण या बायकांना जेवण आणि मार्गदर्शन दोन्ही फुकट मिळत होतं. स्वतःच्या खिशातून पैसे देणाऱ्यांचं चित्र वेगळं आहे. 2007 सालच्या एका अभ्यासात याच कंपनीच्या 60,164 गिऱ्हाइकांच्या नोंदी तपासल्या गेल्या. तेरा आठवड्यांनी त्यांतले 42 टक्के कार्यक्रमात उरले होते, सहा महिन्यांनी 22 टक्के आणि वर्षाअखेर 6.6 टक्के. जे टिकले त्यांचं वजन चांगलंच उतरलं होतं, पण टिकले शंभरात सहा-सात. एखादा उपाय चालतो का आणि तो माणसाला परवडून, सोसून पुढे चालू ठेवता येतो का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. जाहिरात पहिल्याचं उत्तर देते, पैसे मात्र दुसऱ्यावर अवलंबून असतात.

सगळ्यांत बोलका पुरावा त्याआधीचा आहे आणि तो कुठल्या कंपनीच्या जाहिरातीत दिसणार नाही. रॉबर्ट जेफरी आणि रीना विंग या संशोधकांनी मिनियापोलिस आणि पिट्सबर्ग इथे 202 जणांवर प्रयोग केला. काहींना आहार-व्यायामाचं नेहमीचं प्रशिक्षण दिलं, तर काहींना त्याबरोबर आठवड्याचे पाच नाश्ते आणि पाच रात्रीची जेवणं मोजून, बांधून दिली. 1993 साली आलेल्या निकालात अठरा महिन्यांनी नुसत्या प्रशिक्षणवाल्यांची घट सुमारे 4 किलो होती आणि जेवण मिळालेल्यांची 6 किलोंहून जास्त. खोकं जिंकलं, असं वाटावं असा हा निकाल. पण जेवण देणं थांबल्यावर वर्षभराने पुन्हा वजनं घेतली, तर पहिले पाढे पंचावन्न. बहुतेकांचं वजन मूळपदाच्या जवळ आलेलं. मग 1996 साली याच मंडळींनी पुढचा प्रश्न विचारला: फायदा नेमका जेवणाचा होता की आखणीचा? 163 स्त्रियांचे चार गट केले. पहिल्याला नुसतं प्रशिक्षण. दुसऱ्याला प्रशिक्षणाबरोबर आठवड्याच्या जेवणांचा तक्ता आणि वाणसामानाची यादी. तिसऱ्याला तक्ता-यादीबरोबर सवलतीत जेवण. चौथ्याला तेच जेवण फुकट. सहा महिन्यांनी पहिल्या गटाची घट सरासरी 8 किलो होती. बाकी तिन्ही गटांची साडेअकरा ते बारा किलोंच्या आसपास, आणि त्या तिघांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. कागदावरचा तक्ता आणि यादी यांनी जे साधलं, त्यात प्रत्यक्ष जेवणाने काहीच भर घातली नाही. काय खायचं आणि त्यासाठी काय आणायचं हे आधी ठरलेलं असलं, की मोह आणि आळस यांना शिरकाव करायला जागा उरत नाही. त्यासाठी खोकंच हवं असं नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की वजन परत येणं हा खोक्याचा दोष नाही, शरीराचाच तसा धर्म आहे. आक्षेप बरोबर आहे. मेलबर्नमध्ये 50 जणांना दहा आठवडे ऑप्टिफास्टवर ठेवून केलेला जो अभ्यास 2011 साली प्रसिद्ध झाला, त्यात त्यांचं वजन सरासरी साडेतेरा किलोंनी घटलं; पण वर्षभरानंतरही भूक वाढवणारी संप्रेरकं चढलेली आणि तृप्ती देणारी उतरलेली आढळली. घटलेल्या वजनाविरुद्ध शरीर झगडत राहतं. पण यातून निघणारा निष्कर्ष खोक्याच्या बाजूचा नाही. झगडा वर्षानुवर्षं चालणार असेल, तर वर्षानुवर्षं पेलेल असंच साधन हवं, आणि घरच्या स्वयंपाकघरात जे शिकायचं ते पुढे ढकलणारं साधन त्या कामी येत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. ब्रिटनमध्ये 306 मधुमेही रुग्णांवर झालेल्या 'डायरेक्ट' या चाचणीचा निकाल 2017 साली आला. उपचाराच्या गटाला तीन ते पाच महिने फक्त पाकिटातली सूप आणि शेक, दिवसाला 825 ते 853 कॅलरी. वर्षाअखेर त्यांतल्या 46 टक्के लोकांचा मधुमेह औषधांविना आटोक्यात होता, दुसऱ्या गटात 4 टक्क्यांचा. हा निकाल कुणालाही मान्य करावाच लागेल. पण त्याची रचना पाहावी: पाकिटांना ठरलेली मुदत, मग नेहमीचं जेवण पायरीपायरीने परत आणणं, त्यानंतर दरमहा भेटी, आणि हे सगळं नेहमीच्या दवाखान्यातल्या, पाकिटं विकण्यात हितसंबंध नसलेल्या परिचारिका आणि आहारतज्ज्ञांच्या हाती. अमेरिकी केंद्रांनी जे एकत्र बांधलं होतं, ते इथे सोडवून वेगळं केलं होतं.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा, आणि तो हलक्याने घेऊ नये. ठाण्याहून नरिमन पॉइंटला जाऊन-येऊन तीन-साडेतीन तास गमावणाऱ्या माणसाला तक्ता देऊन काय उपयोग? त्याला डबाच हवा. शिवाय मराठी घरात स्वयंपाक अंदाजाने होतो, एका पातेल्यातला भात पाच जणांना वाढला जातो आणि आग्रहाची एक पोळी नाकारणं अवघड असतं. तेव्हा घरचं म्हणजे मोजकं, असं गृहीत धरता येत नाही. हे मान्य, पण त्यातून निघतं ते एवढंच, की स्वयंपाक करायला ज्यांना खरोखर उसंत नाही त्यांच्यासाठी डबा ही सोय आहे. सोयीचे पैसे सोय म्हणून मोजावेत, औषध म्हणून नव्हे. आणि नियमाला माल लागत नाही, हे तर महाराष्ट्राने अलीकडेच पाहिलं आहे. डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी दिवसातून दोनदाच, प्रत्येकी 55 मिनिटांच्या आत जेवायचं, एवढंच सांगितलं आणि गावोगावच्या लोकांनी काहीही विकत न घेता ते पाळून पाहिलं. त्या पद्धतीच्या वैद्यकीय गुणदोषांबद्दल वाद आहेत आणि मधुमेहाची औषधं घेणाऱ्याने असला बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पण लोकांना आवरायला सोपी, आधी ठरलेली चौकट पुरते, हे त्या लाटेने दाखवून दिलं.

जेनी क्रेगची केंद्रं 2023 च्या मे महिन्यात बंद झाली. भूक मारणाऱ्या नव्या इंजेक्शनांनी या बाजाराचा नूरच पालटला आहे. 2025 पासून ती इंजेक्शनं भारतातही मिळू लागली आहेत आणि औषध थांबलं की वजन परत येतं, हा जुनाच हिशेब त्यांनाही चुकलेला नाही. म्हणून बांधीव जेवण घ्यावं का, याचा निवाडा असा करता येईल. मुदत ठरलेली असेल, वैद्यकीय कारण असेल आणि नंतरच्या जेवणाची शिकवणी त्यातच असेल, तर पैसे सार्थकी लागतात. दोन-तीन आठवडे घेऊन त्यातल्या भाताची, भाजीची, डाळीची मापं स्वतःच्या वाटीने मोजून घेतली, तरी काहीतरी पदरात पडतं. पण महिन्यामागून महिने वर्गणी भरत राहायची आणि डबा बंद झाल्यावर काय, हे विक्रेत्याने सांगायचं नाही, गिऱ्हाइकाने विचारायचं नाही, असा व्यवहार असेल तर तो तोट्याचा. तेवढ्या पैशांत चांगल्या आहारतज्ज्ञाच्या चार भेटी होतात, आणि त्यांच्याकडून आठवड्याचा तक्ता आणि वाणसामानाची यादी मिळते. 1996 च्या प्रयोगात उपयोगी पडली ती हीच दोन पानं.