पोलादी गाण्याची वर्षपूर्ती

पवनेच्या काठचे मौजे रावेत, तालुका हवेली, हे नाव महसुली दप्तराबाहेर फारसे कोणाच्या कानी पडत नव्हते, त्या काळीही या गावाच्या एका अंगाला तुकोबांचे देहू होते आणि दुसऱ्या अंगाला मोरया गोसावींचे चिंचवड. आणि या दोन क्षेत्रांच्या मधल्या टापूत एकदा रचलेले पद पिढ्यान् पिढ्या पुन्हा पुन्हा गाऊन जिवंत ठेवण्याची रीत इतकी अंगवळणी पडलेली होती, की तिचे कोणाला नवल वाटत नसे. १९५४ साली पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली, १९६२ मध्ये औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले, साठच्या दशकात बजाज ऑटो आणि टेल्को यांचे कारखाने या माळावर उभे राहिले, १९८२ मध्ये पिंपरी-चिंचवडची महानगरपालिका झाली आणि १९९७ मध्ये रावेत तिच्या हद्दीत आले. आज याच गावच्या बंधाऱ्यावरून उचललेले पाणी शहराची तहान भागवते आणि शेजारच्या किवळ्यास मुंबईचा द्रुतगती मार्ग येऊन मिळतो. शेतांच्या जागी गृहसंकुले आणि अभियांत्रिकी महाविद्यालये आली. आणि तुकोबांची पालखी देहूहून निघून आकुर्डीच्या मुक्कामी येते, ती कारखान्यांच्या कुंपणांजवळून, अभंगांच्या त्याच जुन्या चालींवर.

अशा या यंत्रनगरीत एखाद्या वाद्यवृंदाने थ्रॅश मेटल या प्रकारातील एखादी अभिजात ध्वनिमुद्रिका, तिच्या वर्षपूर्तीचे निमित्त साधून, पहिल्या गीतापासून शेवटच्या गीतापर्यंत अनुक्रमाने वाजवावी, हा उपक्रम परका आणि उसना आहे असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. माझे मत याच्या नेमके उलट आहे. ते संगीत ज्या वंशातले आहे तो वंश कारखान्याचा आहे, आणि स्मरणाची ती पद्धत आपल्या मातीत जुनी आहे. म्हणून ही दोन्ही सूत्रे एकत्र येण्यास या पट्ट्याइतकी योग्य भूमी क्वचितच सापडेल.

वंशाचा इतिहास प्रथम पाहू. १९६५ साली इंग्लंडमधील बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरात टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. नोकरीच्या अखेरच्याच दिवशी यंत्राखाली सापडून त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके तुटली, आणि तो डावखुरा असल्यामुळे गिटारच्या तारा दाबणारा हात नेमका तोच होता. तेव्हा त्याच कारखान्याच्या फोरमनने त्याच्यापुढे एक ध्वनिमुद्रिका ठेवली: जँगो राइनहार्ट या वादकाची, ज्याची दोन बोटे आगीत निकामी झाली असूनही जो उरलेल्या बोटांनी गिटार वाजवीत असे. मुलाने प्लास्टिकची बाटली वितळवून तिची अंगुस्ताने केली, त्यांवर कातडे चढविले, हलक्या तारा लावल्या आणि पुढे त्या सैल करून स्वर खाली उतरविला. १९७० साली त्याच्या ब्लॅक सबाथ या वृंदाच्या पहिल्या ध्वनिमुद्रिकेतून जगाने ऐकलेला तो जड, खर्जातला नाद घडण्यात या अपघाताचा वाटा मोठा आहे. एका कामगाराचे धैर्य एका फोरमनने जपले, आणि ते जपण्याचे साधन दुसऱ्या वादकाची स्मृती हे होते. ज्या गावात प्रेस शॉपमध्ये बोटे गमावलेली माणसे आपल्या शेजारीच राहतात, त्या गावाला या कथेचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागत नाही.

बर्मिंगहॅमच्याच परिसरातून जूडस प्रीस्ट हा वाद्यवृंद आला. त्याचा गिटारवादक ग्लेन टिप्टन हा ब्रिटिश स्टीलमध्ये उमेदवारी केलेला होता, आणि १९८० च्या ध्वनिमुद्रिकेला त्या वृंदाने तेच नाव दिले. जर्मनीतील रूर हा कोळशाचा आणि पोलादाचा मुलूख. तेथल्या गेल्सेनकिर्खेन गावच्या सोडोम या वृंदाचा नायक टॉम एंजलरिपर हा खाणीतला कामगार, आणि क्रिएटर हा वृंद एसेन शहराच्या ज्या आल्टेनएसेन भागातला, तेथील बंद पडलेली खाण आज सांस्कृतिक केंद्र झाली आहे. थ्रॅशचा जन्म मात्र प्रामुख्याने कॅलिफोर्नियात झाला. तेथील मुले खाणीत उतरलेली नव्हती, पण त्यांनी ज्या गुरूंच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हात तयार केला ते गुरू कारखान्यांच्या गावचे होते, हे विसरता येत नाही.

१९८६ हे या प्रकाराचे सुवर्णवर्ष. ३ मार्च रोजी मेटॅलिका या वृंदाची ‘मास्टर ऑफ पपेट्स’ प्रसिद्ध झाली, ७ ऑक्टोबरला स्लेयरची ‘रेन इन ब्लड’, आणि मेगाडेथ व क्रिएटर यांच्या गाजलेल्या कृतीही त्याच वर्षीच्या. याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी स्वीडनमध्ये बस उलटून मेटॅलिकाचा बासवादक क्लिफ बर्टन वयाच्या चोविसाव्या वर्षी मरण पावला. त्यामुळे ‘मास्टर ऑफ पपेट्स’च्या प्रत्येक वर्षपूर्तीच्या वर्षी त्याच्या मृत्यूलाही तेवढीच वर्षे पूर्ण होतात. त्या ध्वनिमुद्रिकेतील ‘ओरायन’ ही शब्दविरहित रचना, जिच्यात बर्टनचा हात मोठा होता, ती स्वतः मेटॅलिकाने रंगमंचावर संपूर्णपणे प्रथम वाजविली ती २००६ मध्ये, म्हणजे वीस वर्षांनी, सगळी ध्वनिमुद्रिका क्रमाने सादर करताना. मूळ कलावंतांनीच आपल्या कृतीकडे अशा श्रद्धेने परतावे, यातच या प्रथेचे मोठेपण दिसते. २०१६ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या नोंदवहीत मेटल प्रकारातील पहिली कृती म्हणून तिचा समावेश केला.

योगायोग असा की त्याच १९८६ साली मुंबईत फरहाद वाडिया यांनी ‘इंडिपेन्डन्स रॉक’ हा महोत्सव सुरू केला, आणि धोबीतलावच्या रंगभवनात, जेथे १९७८ पासून जॅझ यात्रेचे सूर घुमले होते, तेथे महाविद्यालयीन तरुणांच्या वाद्यवृंदांना हक्काचे व्यासपीठ लाभले. परदेशी ध्वनिमुद्रिका दुर्मिळ, त्यांच्या कॅसेटवरून कॅसेट उतरवून घ्यायच्या, आणि दहाव्या नकलेतल्या खरखरीतून गिटारचे स्वर कानाने वेचून शिकायचे, असा तो काळ होता. मेटॅलिका भारतात प्रत्यक्ष वाजविण्यास आली ती ३० ऑक्टोबर २०११ रोजी, बंगळूरला. म्हणजे मधली पंचवीस वर्षे या देशात मेटॅलिकाचे संगीत कोणी समोरासमोर ऐकले असेल, तर ते आपल्याच मुलांच्या हातून. त्या नकलेला हिणविणाऱ्यांनी एवढे ध्यानात घ्यावे, की त्याच मुशीतून रॉक मशीनसारखा वृंद १९८८ मध्ये स्वतःच्या गीतांची ध्वनिमुद्रिका काढण्यापर्यंत पोहोचला आणि १९९८ मध्ये मुंबईत सेप्टरसारखा खास थ्रॅश वाजविणारा वृंद उभा राहिला.

नक्कल म्हणजे काय, हेही जवळून पाहिले पाहिजे. ‘मास्टर ऑफ पपेट्स’चे शीर्षकगीत साडेआठ मिनिटांहून थोडे अधिक लांबीचे आहे, त्याची गती मिनिटाला दोनशेहून अधिक ठोक्यांची आहे, आणि त्यातील बहुतेक आघात तारेवर वरून खालीच करावयाचे असतात, वर-खाली हात फिरविला तर काम सोपे होते, पण नादाची धार जाते. उजव्या तळहाताची कड ब्रिजजवळ तारांवर टेकवून स्वर दाबायचा, तो दाब थोडा जास्त झाला तर आवाज मरतो आणि कमी झाला तर पसरतो. ढोलवादकाला दोन्ही पायांनी बास ड्रमची लय सांभाळावी लागते. संपूर्ण ध्वनिमुद्रिका म्हणजे आठ रचना, सुमारे पंचावन्न मिनिटे. भोसरी किंवा चाकणच्या टूलरूममध्ये ज्याने जॉब मायक्रॉनमध्ये मोजला आहे, त्याला या अचूकतेची किंमत कळते. ती सरावाने, मनगट दुखेपर्यंत केलेल्या मेहनतीने येते, आणि तिच्यात रसिकतेइतकाच चारित्र्याचा भाग असतो.

आता स्मरणाच्या पद्धतीकडे वळू. १ एप्रिल १९५५ रोजी पुणे आकाशवाणीवरून ग. दि. माडगूळकर (गदिमा) आणि सुधीर फडके (बाबूजी) यांचे ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात त्याची छप्पन्न गीते प्रसृत झाली. त्यानंतर बाबूजींनी ती गावोगाव क्रमाने गायिली, रौप्यमहोत्सव झाला, आणि पुढे श्रीधर फडके यांनी पित्याच्या चालींत तिळमात्र फरक न करता तीच मालिका चालू ठेवली. १८८२ सालचे ‘संगीत सौभद्र’ आजही रंगभूमीवर येते, आणि १९५३ पासून पुण्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ महोत्सव भरतो. मूळ कृतीशी निष्ठा राखून ती नव्या श्रोत्यांपुढे सबंध मांडणे हे आपण कमअस्सल मानलेले नाही. तो आपण गुरुऋणाचा भाग मानला. गीतरामायणाला जो न्याय आपण लावतो, तोच न्याय गिटार हाती घेतलेल्या मुलाला लावण्यात संकोच का वाटावा? भाषा परकी आहे म्हणून? परंतु युद्धात प्यादे होऊन मरणारा सैनिक, व्यसनाच्या हाती गेलेला तरुण, न्यायालयाच्या दारी थकलेला सामान्य माणूस हे थ्रॅशचे विषय कोणत्याही एका देशाचे नाहीत. तीन पाळ्यांत झोप वाटून घेणाऱ्या गावाला तर ते मुळीच परके नाहीत.

या प्रथेपुढे अडचण आहे ती जागेची. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनी रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्या भोवतालचा शंभर मीटरचा टापू शांतताक्षेत्र ठरविला. नियम रास्त होता, रुग्णाचा विसावा कोणत्याही मैफलीपेक्षा मोलाचा आहे. पण त्याच्या अंमलात रंगभवनाचा रंगमंच मुका झाला आणि त्याच्या तोडीची दुसरी जागा शासनाने उभारून दिली नाही. परिणामी हे संगीत उपाहारगृहांत आणि महागड्या महोत्सवांत जाऊन बसले, जेथे कारखान्यात पाळी करणाऱ्याचा पगार पुरत नाही आणि विद्यार्थ्याला प्रवेश मिळत नाही. हे नुकसान भरून काढण्याची ऐपत पिंपरी-चिंचवडपाशी आहे. रावेतपासून जवळच प्राधिकरणात गदिमांच्या नावाचे नाट्यगृह आहे, चिंचवडला रामकृष्ण मोरे प्रेक्षागृह आहे. बंदिस्त, ध्वनिरोधक, सार्वजनिक पैशाने बांधलेल्या अशा वास्तूंत वर्षातील काही तारखा सवलतीच्या भाड्याने रॉक आणि मेटल वाजविणाऱ्या स्थानिक वृंदांसाठी राखून ठेवाव्यात, एवढी मागणी पालिकेने मान्य करावी. ज्या सभागृहात एका पिढीने गीतरामायण ऐकले, त्याच सभागृहात दुसऱ्या पिढीने १९८६ च्या एखाद्या ध्वनिमुद्रिकेचा चाळिसावा वाढदिवस साजरा केला, तर त्यात गदिमांचा अवमान होणार नाही. स्मरणाची परंपरा केवळ आपल्याच आवडीच्या कृतींपुरती मर्यादित ठेवणारा समाज शेवटी तीही गमावतो; आणि जो ती परंपरा परक्या वाटणाऱ्या तरुणांच्या हाती विश्वासाने देतो, त्याच्या जुन्या कृतींनाही ऐकणारे कान मिळत राहतात.