तारेचा खर्च, तारेचे मोल

१८७० साली दक्षिण ऑस्ट्रेलिया या ब्रिटिश वसाहतीची लोकसंख्या पुरती दोन लाखही नव्हती. एवढ्याशा वसाहतीने ॲडलेडपासून उत्तर किनाऱ्यावरील पोर्ट डार्विनपर्यंत, मधल्या निर्जल प्रदेशातून, सुमारे ३,२०० किलोमीटर लांबीची तार स्वतःच्या खर्चाने उभारण्याचे पत्करले. वसाहतीच्या डाकखात्याचे प्रमुख चार्ल्स टॉड यांनी खर्चाचा अंदाज दिला होता १,२०,००० पौंडांचा. प्रत्यक्ष खर्च त्याच्या जवळजवळ चौपट झाला. १८७१ अखेरची मुदत टळली. पुढे वाळवीने लाकडी खांब पोखरले आणि त्यांच्या जागी लोखंडी खांब बसवावे लागले. तथापि २२ ऑगस्ट १८७२ रोजी तारेची दोन्ही टोके जोडली गेली, आणि त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाचा संदेश जावा, सिंगापूर, मद्रास, मुंबई आणि एडन या वाटेने लंडनला पोहोचू लागला. वीस शब्दांच्या तारेला सुमारे दहा पौंड पडत. म्हणजे पैसा दिला सर्वांनी, आणि आरंभी तिचा उपयोग झाला तो मुख्यत्वे व्यापाऱ्यांना, वृत्तपत्रांना व सरकारला.

मोठा देश, विरळ वस्ती आणि सार्वजनिक तिजोरी यांचा हा तिढा ऑस्ट्रेलियाला पुन्हा सोडवावा लागला तो बरोबर एकविसाव्या शतकाच्या आरंभी. या वेळी प्रश्न इंटरनेटचा होता. जुने टेलिफोन खाते टेल्स्ट्रा या कंपनीच्या रूपाने १९९७ पासून टप्प्याटप्प्याने खाजगी झाले होते. देशातील बहुतेक घरांपर्यंत जाणारी तांब्याची तार तिच्याच मालकीची होती, आणि त्याच तारेवरून धंदा करणाऱ्या इतर कंपन्यांची ती प्रतिस्पर्धीही होती. वाटेचा मालकच वाटेवरचा दुकानदार असला की जे व्हायचे तेच झाले. सरकारने २००८ मध्ये निविदा मागविल्या. त्यांतून पटण्याजोगे काही निघाले नाही. तेव्हा एप्रिल २००९ मध्ये पंतप्रधान केव्हिन रड यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने जाहीर केले की, सरकार स्वतःच कंपनी काढील, आठ वर्षांत ४३ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर खर्चील, आणि शंभरातील नव्वद घरांपर्यंत केसासारखा बारीक काचेचा तंतू, म्हणजे ऑप्टिकल फायबर, नेऊन पोहोचवील. उरलेल्यांना बिनतारी यंत्रणा आणि उपग्रह.

त्या देशाच्या इतिहासातील हे सर्वांत मोठ्या सार्वजनिक बांधकामांपैकी एक होते, आणि खर्चाच्या तुलनेत लाभ किती याचा रीतसर हिशेब न मांडता ते हाती घेतले गेले. टीकाकारांचे हे म्हणणे खरे होते, आणि समर्थकांनी ते हसण्यावारी नेले ही त्यांची चूकच म्हटली पाहिजे. घरबसल्या चित्रपट पाहण्यासाठी काचेची तार दारापर्यंत कशाला, ही तर चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, असा विरोधकांचा सूर होता. उलट बाजूने रुग्णालये, शाळा, दूरची शेते यांची चित्रे रंगविली जात. त्यांतली काही खरी होती, काही नुसतीच रंगीत.

२०१० च्या निवडणुकीत कोणालाच बहुमत मिळाले नाही. न्यू साउथ वेल्सच्या ग्रामीण मतदारसंघांतून आलेले टोनी विंडसर व रॉब ओकशॉट हे दोन अपक्ष मजूर पक्षाच्या बाजूला गेले, आणि त्यामागील एक प्रमुख कारण म्हणून त्यांनी याच जाळ्याचे नाव घेतले. ते स्वाभाविक होते. या योजनेत घाऊक दर शहराला आणि खेड्याला एकच राहणार होता. पोस्टकार्ड शेजारच्या गल्लीत टाका की शेकडो मैल दूरच्या गावी धाडा, तिकीट एकच, हेच ते जुने तत्त्व. शुद्ध व्यापारी हिशेबात सिडनीच्या ग्राहकाने दूरच्या मेंढपाळाचा भार वाहावा हे बसत नाही. राष्ट्राच्या हिशेबात बसते की नाही, यावरच खरा वाद होता. पण तो वाद तसा उघडपणे क्वचितच झाला. भांडण तंत्रज्ञानाचे आहे असे सर्वांनी मानून घेतले.

काम मात्र रेंगाळले. २०१३ च्या मध्यापर्यंत ठरल्यापैकी फार थोड्या घरांसमोरून तंतू गेला होता. त्यातच रस्त्याकडेच्या जुन्या टेलिफोन-खड्ड्यांत आरोग्यास घातक असे ॲस्बेस्टॉस निघाल्याने काम थांबवावे लागले. त्या वर्षीच्या निवडणुकीत लिबरल व नॅशनल पक्षांच्या आघाडीने सांगितले की, मजूर पक्षाची योजना ९४ अब्जांवर जाईल. आपण ती २९.५ अब्जांत करू, आणि २०१६ पर्यंत प्रत्येकाला २५ मेगाबिट वेग देऊ. युक्ती सोपी होती. काचेचा तंतू गल्लीच्या तोंडाशी असलेल्या पेटीपर्यंत न्यायचा. पुढचा तुकडा जुन्या तांब्याचाच ठेवायचा. आघाडी निवडून आली आणि माल्कम टर्नबुल दळणवळण मंत्री झाले. त्याच डिसेंबरमधील सरकारी आढाव्यात २९.५ चे ४१ अब्ज झाले. २०१८ पर्यंत आकडा ५१ अब्जांवर पोहोचला. ज्या तांब्याचा वापर स्वस्त म्हणून करायचा, तेच दुरुस्तीसाठी नव्याने विकत घ्यावे लागले: २०१५ मध्ये १,८०० किलोमीटर!

लाभ-खर्चाचा रीतसर हिशेब मांडला गेला तो २०१४ मध्ये, म्हणजे निर्णय झाल्यानंतर. वर्टिगन समितीच्या त्या हिशेबात मिश्र योजना सरस ठरली. तिच्या पायाशी एक अंदाज होता: २०२३ साली मध्यम घराला पंधरा मेगाबिटचा वेग पुरेल. आकडेमोडीत खोट नव्हती. मात्र माणसे जे आज करतात तेच उद्या थोडे अधिक करतील, असे तीत गृहीत होते. रस्ता झाल्यावर त्यावर कोणत्या गाड्या धावतील हे रस्त्याआधीच्या बैलगाड्या मोजून कळत नाही. २०२० मध्ये साथीने घरे हीच कचेऱ्या आणि शाळा बनली, तेव्हा एका घरात चार माणसे एकाच वेळी चार पडद्यांवर बोलू लागली. हे कोणत्या तक्त्यात असणार?

या इतिहासातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट मात्र तंतूची नाही आणि तांब्याचीही नाही. ती हिशेबवहीची आहे. जाळ्यावरचा पैसा सरकारने ‘खर्च’ म्हणून न दाखविता ‘भांडवली गुंतवणूक’ म्हणून दाखविला. तसे केल्याने अंदाजपत्रकातील तूट वाढत नाही. पण गुंतवणूक म्हटले की परतावा आला. २०१० मध्ये सांगितला गेलेला परतावा होता सात टक्क्यांच्या आसपास. तो मिळविण्यासाठी सरकारी कंपनीने किरकोळ विक्री करणाऱ्या कंपन्यांवर जोडणीच्या भाड्याखेरीज प्रत्येक मेगाबिट क्षमतेमागे वेगळा आकार लावला. आरंभी तो महिन्याला २० डॉलर होता. परिणाम असा की विक्रेते क्षमता हात आखडून घेत. घरातला नळ मोठा, पण टाकीची चावी अर्धी मिटलेली! संध्याकाळी सगळे एकदम बसले की वेग मंदावे. म्हणजे ज्या वस्तूची विपुलता हाच तिचा गुण, ती वहीतील एका रकान्यासाठी दुर्मिळ करण्यात आली. ही व्यवस्था मजूर पक्षाने घातली आणि विरोधकांनी ती चालू ठेवली. येथे दोघांचे एकमत होते.

शेजारच्या न्यूझीलंडने २००९ नंतर तंतू थेट घरापर्यंतच न्यायचे ठरविले, तारेचा मालक आणि विक्रेता कायद्याने वेगळे केले, आणि २०२२ अखेर ८७ टक्के लोकसंख्येपर्यंत काम नेले. अर्थात तो देश लहान आहे.

ऑस्ट्रेलियात सप्टेंबर २०२० मध्ये, त्याच आघाडीच्या सरकारच्या काळात, गल्लीच्या पेटीपुढील तांबे काढून तेथे तंतू घालण्यासाठी ३.५ अब्ज डॉलर देण्याचे ठरले. २०२२ मध्ये सत्तेवर आलेल्या मजूर पक्षाने त्यांत २.४ अब्जांची भर घातली, आणि जानेवारी २०२५ मध्ये उरलेल्या सुमारे सहा लाख घरांसाठी आणखी तीन अब्ज जाहीर केले. मुदत २०३० ची. मेगाबिटमागचा तो आकार वेगवान जोडण्यांवरून २०२३ अखेर उठविण्यात आला.