ग्रंथालयाची भाषा आणि तिचे शिक्षक

इंग्रजी साहित्यात एम. ए. झालेला तरुण अध्यापक पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गावर जातो, तेव्हा त्याच्यापाशी शेक्सपिअर असतो, वर्ड्‌स्वर्थ असतो. समोरच्या विद्यार्थ्याला मात्र अर्थशास्त्राच्या इंग्रजी ग्रंथाचे एक पान स्वतःच्या बळावर वाचता यायला हवे असते. हे अंतर स्वतंत्र भारतातील शिक्षणधुरीणांच्या ध्यानात फार लवकर आले होते. ते बुजवण्यासाठी झालेल्या प्रयत्नांचा इतिहास आम्हा मराठीच्या अध्यापकांनीही वाचावा असा आहे, कारण त्याचा अर्धा भाग आपला आहे.

डॉ. राधाकृष्णन यांच्या अध्यक्षतेखालील विद्यापीठ शिक्षण आयोगाने (१९४८-४९) दुहेरी भूमिका घेतली. उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून इंग्रजीची जागा भारतीय भाषांनी घ्यावी. पण वाढत्या ज्ञानाशी संबंध राहावा म्हणून इंग्रजीचा अभ्यास सुरू ठेवावा. हृदयनाथ कुंझरू समितीने १९५७ च्या अहवालात माध्यमबदलाची घाई नको असे बजावले. मात्र प्रादेशिक भाषेतून शिकून आलेल्यांना इंग्रजी शिकवण्यासाठी खास पद्धती वापरावी, असेही सुचवले. कोठारी आयोगाने (१९६४-६६) इंग्रजीला ‘ग्रंथालयाची भाषा’ मानले आणि भाषिक कौशल्य म्हणून इंग्रजी शिकवणे व इंग्रजी साहित्य शिकवणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे स्पष्ट केले.

पण हे वेगळे अध्यापन करणार कोण? त्यासाठी शिक्षक घडवण्याचे मोठे केंद्र १९५८ साली हैदराबादेत उभे राहिले : सेंट्रल इन्स्टिट्यूट ऑफ इंग्लिश. फोर्ड फाउंडेशन आणि ब्रिटिश कौन्सिल यांचे साहाय्य त्याला लाभले. आरंभीच्या वर्षांत त्याची धुरा कन्नडचे थोर कवी विनायक कृष्ण गोकाक यांच्याकडे होती. पुण्याच्या फर्ग्युसन आणि सांगलीच्या विलिंग्डन महाविद्यालयांत अध्यापन केलेले गोकाक महाराष्ट्राला परके नव्हते.

त्या काळच्या भाषाशिक्षणविचारावर ध्वनिशास्त्राचा आणि वाक्यरचनांच्या श्रेणीबद्ध सरावाचा पगडा होता. शाळेतील शिक्षकाला ही शिदोरी पुष्कळ उपयोगी पडणारी होती. विद्यापीठातील विद्यार्थ्याची अडचण मात्र वाक्यापाशी थांबत नाही. व्याख्या कोठे संपते आणि उदाहरण कोठे सुरू होते, लेखक स्वतःचे मत मांडतो आहे की खंडनासाठी दुसऱ्याचे, एका ‘परंतु’ने युक्तिवाद कसा वळतो, हे त्याला उमगत नाही. सुटी वाक्ये अचूक लिहिणाराही परिच्छेदात वाट चुकतो. या गरजेचा पद्धतशीर विचार १९७० च्या दशकात इंग्लंडमध्ये जोर धरू लागला. परदेशी विद्यार्थ्यांना अभ्यासापुरते इंग्रजी शिकवणाऱ्या तेथील विद्यापीठीय अध्यापकांनी १९७२ साली ‘सेलमूस’ ही संघटना स्थापन केली. १९८९ मध्ये तीच ‘बॅलीप’ झाली. विडोसन व अ‍ॅलन यांची शास्त्रविषयांच्या इंग्रजीवरील पाठ्यपुस्तके १९७४ पासून येऊ लागली.

आपल्याकडे मात्र साहित्यसमीक्षेची प्रतिष्ठा भाषेच्या अध्यापनाला कधीच मिळाली नाही. शाळेत शिकवायचे तर बी. एड. हवे, महाविद्यालयात पदव्युत्तर पदवी पुरेशी मानली गेली. १९८७ पासून अ‍ॅकॅडेमिक स्टाफ कॉलेजे आली, तीही नेमणूक झालेल्या अध्यापकांसाठी. हैदराबादची संस्था वाढत गेली, १९७२ मध्ये तिच्या नावात परदेशी भाषांचाही समावेश झाला आणि २००६ च्या कायद्याने ती केंद्रीय विद्यापीठ झाली. परंतु एखाद्या संस्थेतून बाहेर पडणारे शिक्षक देशभरातील वर्गांना पुरे पडणे शक्यच नव्हते.

याहून मोठी उणीव वेगळीच होती. ‘ग्रंथालयाची भाषा’ ही कल्पना एकटी उभी राहूच शकत नाही. व्याख्यान आपल्या भाषेत ऐकायचे, चर्चा आणि लेखन आपल्या भाषेत करायचे आणि त्यासाठी इंग्रजी ग्रंथ वाचायचा, असे ते दोन काठांना जोडणारे चित्र होते. मराठीच्या काठावर महाराष्ट्र विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाने १९७० च्या दशकात विविध विषयांवरील ग्रंथ प्रसिद्ध केले. पण इंग्रजीतला विचार मराठीत कसा आणायचा, हे शिकवणारा शिक्षक कोणी घडवला नाही. इंग्रजीच्या प्रशिक्षणात विद्यार्थ्याची मातृभाषा आली ती बहुधा चुकांचे मूळ म्हणून. आणि मराठीच्या विभागांनी तर हे काम आपले मानलेच नाही.

म्हणूनच गोकाकांचा उत्तरकाल लक्षणीय वाटतो. शालेय शिक्षणातील भाषांचे स्थान ठरवण्यासाठी कर्नाटकात १९८० साली नेमलेल्या समितीचे ते अध्यक्ष होते. समितीने कन्नडला अग्रस्थान देण्याची शिफारस केली आणि तिच्या अंमलबजावणीसाठी १९८२ मध्ये ‘गोकाक चळवळ’ पेटली. इंग्रजीचे शिक्षक घडवणारा माणूस कन्नडच्या बाजूने उभा राहिला, यात अनेकांना विसंगती दिसेल. आम्हांला ती दिसत नाही. दोन्ही काठ सांभाळल्याखेरीज पूल होत नाही, एवढेच त्यातून कळते.

आज मराठीतून समाजशास्त्राचा निबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला मुद्दा मांडणे, आधार देणे, प्रतिवाद करणे कोण शिकवते? इंग्रजीच्या बाबतीत हा प्रश्न निदान सत्तर वर्षांपूर्वी विचारला गेला. मराठीच्या बाबतीत तो विचारण्याची जबाबदारी आपलीच आहे, आणि आपल्याही पदवीत शिक्षण होते ते साहित्याचेच.