अदृश्यतेचे प्रावरण : एका आशयसूत्राचा इतिहास

१

अंगावर घेताच माणसाला दिसेनासा करणारे वस्त्र हे युरोपीय कथावाङ्मयातील एक दीर्घायुषी आशयसूत्र आहे. महाकाव्य, लोककथा, संगीतिका, अद्भुतरम्य कादंबरी असा प्रवास करीत ते विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संगणकावरील खेळात येऊन पोहोचले. या शेवटच्या टप्प्याकडे वाङ्मयसमीक्षेचे लक्ष क्वचितच जाते. खेळ ही करमणूक, त्यातील जादूचा झगा हे एक साधन, आणि साधनाला उपयोग असतो, अर्थ नसतो, अशी समजूत त्यामागे असावी. परंतु ज्या आशयसूत्राने शतकानुशतके न्याय, मालकी आणि लज्जा यांविषयीचे प्रश्न वाहून आणले, ते नियमांच्या संहितेत उतरताच अर्थशून्य होते काय, हे तपासून पाहण्याजोगे आहे. १९८७ साली प्रथम प्रसृत झालेल्या 'नेटहॅक' या भुयारी खेळातील अदृश्यतेचा झगा या दृष्टीने विशेष उद्बोधक ठरतो. अदृश्य झालेला माणूस समाजात परत येतो तो कोणत्या अटीवर, हा जुन्या कथांनी अर्धवट सोडलेला प्रश्न या झग्याच्या नियमांत प्रथमच रोखठोकपणे हाताळलेला दिसतो.

२

ग्रीक परंपरेत अदृश्यतेची दोन साधने प्रसिद्ध आहेत. पहिले हेडीजचे शिरस्त्राण. 'इलियड'च्या पाचव्या सर्गात अथीना ते धारण करते आणि युद्धदेव एरीझला ती दिसत नाही. दुसरे साधन म्हणजे प्लेटोच्या 'रिपब्लिक'मधील अंगठी. दुसऱ्या खंडात ग्लॉकन सांगतो ती कथा एका मेंढपाळाची आहे. भूकंपाने दुभंगलेल्या जमिनीत त्याला ही अंगठी मिळते, आणि तिच्या बळावर तो राणीला वश करून, राजाला ठार मारून राज्य बळकावतो. ग्लॉकनचा युक्तिवाद असा की, अशी अंगठी न्यायी आणि अन्यायी अशा दोघांनाही मिळाली, तर त्यांच्या वर्तनात फरक उरणार नाही. म्हणजे न्याय हा केवळ इतरांच्या नजरेचा धाक आहे. दहाव्या खंडात सॉक्रेटिस या अंगठीचा उल्लेख हेडीजच्या शिरस्त्राणाच्या जोडीने करतो आणि ही दोन्ही जवळ असोत वा नसोत, आत्म्याने न्यायानेच वागावे, असा निष्कर्ष काढतो.

या चर्चेत एक गोष्ट अध्याहृत राहते. अंगठीचे कोंदण आत वळवले की मेंढपाळ नाहीसा होतो आणि बाहेर वळवले की पुन्हा दिसू लागतो. त्याचे सारे सामर्थ्य या दुसऱ्या क्रियेवर अवलंबून आहे. कायमचा अदृश्य झालेला माणूस राजा होऊ शकत नाही. कारण राजाला दरबारात बसावे लागते, लोकांनी त्याला पाहावे लागते. अदृश्यता उपयोगी पडते ती काढून ठेवता येते म्हणून. मंत्र, सिद्धी किंवा शाप यांच्या तुलनेत अंगठी, टोपी आणि झगा या वस्तूंचे वैशिष्ट्य हेच की त्या उतरवता येतात.

भारतीय परंपरेशी तुलना केली असता हे अधिक स्पष्ट होते. पातंजल योगसूत्रांच्या विभूतिपादात अंतर्धान ही स्वतःच्या शरीररूपावर केलेल्या संयमाची सिद्धी आहे. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौदाव्या अधिकरणात ती अंजनादी प्रयोगांनी साधते. दोन्ही ठिकाणी अदृश्यता देहाशी निगडित आहे, साधनेने मिळवलेली किंवा देहाला लावलेली. प्रावरण मात्र देहाबाहेरचे असते. म्हणून ते हरवते, चोरीला जाते, वारसाहक्काने मिळते आणि विकलेही जाते. अदृश्यतेचा प्रश्न मालमत्तेच्या प्रश्नात गुंतू लागतो तो येथे.

३

या गुंतागुंतीची एक जुनी कथारूपरेषा लोकसाहित्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. अद्भुत वस्तूंच्या वाटणीवरून वारस भांडत असतात. वाटसरूला ते पंच नेमतात. आणि पंचच त्या वस्तू घेऊन पसार होतो. अकराव्या शतकातील सोमदेवाच्या 'कथासरित्सागरा'त पुत्रकाला मयासुराचे दोन पुत्र पादुका, यष्टी आणि पात्र यांसाठी झगडताना भेटतात. धावण्याच्या शर्यतीत जो जिंकेल त्याच्या या वस्तू, असे सांगून पुत्रक त्यांना दूर धाडतो, पादुका घालून उडून जातो आणि पुढे पाटलिपुत्र वसवतो. १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रिम बंधूंच्या संग्रहाच्या दुसऱ्या भागात सुवर्णपर्वताच्या राजाची जी कथा आहे, तीत भांडणारे तीन राक्षस आहेत आणि वस्तू तलवार, इच्छित स्थळी नेणारे जोडे व अदृश्य करणारा झगा अशा आहेत. कथेचा सांगाडा एकच. ग्रिमच्या पाठात मात्र तीन वस्तूंपैकी एक अदृश्यतेचे प्रावरण आहे.

इ. स. १२०० च्या सुमारास रचल्या गेलेल्या 'निबेलुंगेनलीड' या जर्मन महाकाव्यातही हीच रूपरेषा पार्श्वभूमीला आहे. दोन राजपुत्र वडिलार्जित खजिन्याच्या वाटणीसाठी सीगफ्रीडला पंच नेमतात. वाटणी जमत नाही, संघर्ष होतो, आणि सीगफ्रीड खजिन्याचा स्वामी होऊन आल्बेरिश या खुजाकडून 'टार्नकाप्पे' हिसकावून घेतो. मध्ययुगीन जर्मनमध्ये या शब्दाच्या उत्तरपदाचा अर्थ डोक्यावरून पांघरायचा लांब झगा असा होता. आधुनिक जर्मनमध्ये तो संकोचून टोपी असा झाला. १८६९ साली रंगभूमीवर आलेल्या वाग्नरच्या 'दास राइनगोल्ड'मध्ये तर त्याचे शिरस्त्राण झाले.

महाकाव्यात हा झगा दोनदा निर्णायक ठरतो. राजा गुंथरला ब्रुनहिल्डचा पण जिंकता यावा म्हणून सीगफ्रीड अदृश्यपणे त्याच्या जागी सामर्थ्य पणाला लावतो. पुढे शय्यागृहातही तोच अदृश्यपणे तिला नमवतो. त्या रात्री तो तिची अंगठी आणि कमरपट्टा उचलून आणतो आणि आपली पत्नी क्रीमहिल्ड हिला देतो. झगा उतरला, पण या दोन वस्तू दृश्य जगात राहिल्या. व्होर्म्स येथील मंदिरासमोर दोन राण्यांचे भांडण होते, तेव्हा त्याच पुरावा म्हणून पुढे येतात आणि सीगफ्रीडचा वध अटळ होतो. हा वधही वस्त्रामुळेच शक्य होतो. पतीच्या देहावरील एकमेव दुर्बळ जागा हागेनला कळावी आणि त्याने तिचे रक्षण करावे, या भाबड्या हेतूने क्रीमहिल्ड त्याच्या वस्त्रावर तेथे खुणेचा लहानसा क्रूस शिवते. अदृश्यतेच्या झग्याने उभारलेले वैभव अतिदृश्य झालेल्या एका अंगरख्यामुळे संपते. झग्याखाली केलेले कृत्य झगा उतरवल्यावर कोणाच्या नावे जमा होते, हे महाकाव्य शोकांतिकेच्या भाषेत सांगते. त्याविषयीचा नियम सांगणे त्याचे काम नव्हते.

४

विसाव्या शतकात हा नियम लिहिण्याची निकड खेळाने निर्माण केली. टोल्किनच्या 'द हॉबिट' (१९३७) आणि 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज' (१९५४-५५) या कृतींत जुने आशयसूत्र दुभंगलेले आढळते. अंगठी अदृश्य करते, पण धारकाला पोखरते. लोरिएनचे झगे केवळ परिसरात मिसळून जायला मदत करतात आणि कोणाचे नैतिक पतन घडवत नाहीत. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' (१९७४) या खेळाने अदृश्यतेची अंगठी आणि एल्फांचा झगा या वस्तू नियमपुस्तकात आणल्या. कथेत जे एकाच नायकाच्या वाट्याला येई ते आता कोणत्याही खेळाडूला मिळू शकत होते. म्हणून कोणाला ते केव्हा दिसेल, हल्ला केल्यास काय होईल, हे आधीच ठरवणे भाग होते. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात विद्यार्थ्यांनी रचलेला 'रोग' (या इंग्रजी नावाचा अर्थ लफंगा), त्यापासून निघालेला 'हॅक' आणि त्याचा विस्तार असलेला 'नेटहॅक' या मालिकेत नियमांचा निवाडा करणारा मानवी सूत्रधारही उरला नाही. भुयार अक्षरांनी आणि चिन्हांनी रेखाटलेले, निवाडा यंत्राचा.

'नेटहॅक'ची संहिता स्वतःच्या वाङ्मयीन ऋणाविषयी सजग आहे. पडद्यावरील एखाद्या वस्तूविषयी विचारणा केली असता पुष्कळदा एखाद्या साहित्यकृतीतील उतारा समोर येतो. परंतु या ऋणापेक्षा महत्त्वाची आहे ती तिची चिन्हव्यवस्था. सापडलेला झगा आपले नाव सांगत नाही. रक्षण करणारा, अदृश्य करणारा, मंत्रप्रतिकारक आणि धारक भलत्याच जागी असल्याचा भास निर्माण करणारा, असे चार झगे आणि फाटका झगा, संगीतिकेला जाताना घालायचा झगा, धर्मगुरूचे नक्षीदार प्रावरण व कापडाचा तुकडा अशी चार बाह्यरूपे आहेत. कोणते रूप कोणत्या गुणाचे, हे प्रत्येक खेळाच्या आरंभी नव्याने, यदृच्छेने ठरते. चिन्हक आणि चिन्हित यांचा संबंध यादृच्छिक असतो, हे सोस्यूरचे प्रतिपादन येथे अक्षरशः खेळाचा नियम झाले आहे. आणि एकदा ठरलेला संबंध त्या खेळापुरता सर्वांवर बंधनकारक असतो, हेही त्याच प्रतिपादनाशी सुसंगत आहे. मागील खेळात फाटका झगा अदृश्यतेचा होता, हे ज्ञान पुढील खेळात निरुपयोगी ठरते.

किमतीवरून अंदाज बांधता येतो, पण तोही अपुरा. अदृश्यतेच्या आणि मंत्रप्रतिकारक झग्याची मूळ किंमत एकच, ६० झॉर्कमिड. उरलेल्या दोहोंची ५०. म्हणजे बाजारही अर्थाची खात्री देत नाही. झगा अंगावर चढवणे हाच त्याला वाचण्याचा सरळ मार्ग, आणि त्यात धोका आहे. कारण शापित झगा उतरवता येत नाही. झगा अदृश्यतेचा निघाला आणि अदृश्य पाहण्याची शक्ती खेळाडूजवळ नसली, तर त्याचे स्वतःचे चिन्हही पडद्यावरून नाहीसे होते. केवळ लुकलुकणारा निर्देशक उरतो. पुष्कळशा शत्रूंना त्याची नेमकी जागा कळत नाही आणि त्यांचे वार रिकाम्या जागी पडतात. येथवर सारे प्राचीन कथेप्रमाणेच आहे.

५

वेगळेपण सुरू होते ते दुकानाच्या दारात. 'नेटहॅक'च्या भुयारात दुकाने आहेत आणि प्रत्येक दुकानाला मालक आहे. अदृश्य गिऱ्हाईक उंबरठ्यावर येताच मालकाला त्याची चाहूल लागते. तो अदृश्य गिऱ्हाइकांना मज्जाव असल्याचे सुनावतो आणि वाट अडवतो. हाच मालक कुदळ घेऊन आलेल्यालाही ती बाहेर ठेवायला सांगतो, कारण कुदळीने भिंत फोडून माल लांबवता येतो. म्हणजे अदृश्यतेकडे तो कुदळीच्याच नजरेने पाहतो. पोशाखावरून माणूस ओळखण्याची त्याची रीत इतरत्रही दिसते: प्रवाशाचा भडक हवाई सदरा उघडपणे घातलेल्याला तो एक तृतीयांश अधिक किंमत सांगतो.

ग्लॉकनच्या प्रश्नाचे स्वरूपच या नियमाने बदलते. अदृश्य माणूस न्यायी राहील काय, हा प्रश्न दुकानदाराला पडत नाही. देवाणघेवाणीत भाग घ्यायचा तर दिसले पाहिजे, एवढीच त्याची अट आहे. तिच्यात दृश्यता ही नीतीची परीक्षा राहत नाही. ती कराराची पूर्वअट होते. ज्या बाजारात अदृश्यतेचा झगा ६० झॉर्कमिडांच्या हिशेबाने विकाऊ आहे, त्याच बाजाराचे दार तो पांघरणाऱ्याला बंद असते. मेंढपाळ, पंच आणि सीगफ्रीड यांच्या कथांत मालमत्ता आणि अदृश्यता यांचे जे साटेलोटे होते, ते येथे प्रथमच तुटते.

झगा उतरवला की दार उघडते. परंतु अदृश्यता झग्याखेरीज इतर मार्गांनीही येते. जादूच्या छडीने स्वतःवर केलेला प्रयोग कायमचा असतो. त्यावर उपाय आहे तो ममीच्या पट्ट्यांचा. त्या गुंडाळल्या की अदृश्य देह पुन्हा दिसू लागतो. एच. जी. वेल्सच्या 'द इन्व्हिजिबल मॅन' (१८९७) या कादंबरीतील ग्रिफिनची येथे आठवण होते. त्याचा देह अदृश्य आहे, वस्त्रे नाहीत. लपायचे तर त्याला थंडीत उघडे राहावे लागते आणि माणसांत यायचे तर चेहऱ्यावर पट्ट्या बांधाव्या लागतात. प्रावरणाचे कार्य तेथे पूर्णपणे उलटलेले आहे. 'नेटहॅक'मध्ये मात्र ही दोन्ही वस्त्रे एकाच अवकाशात आहेत आणि दोन्ही देहावरची एकच जागा व्यापतात. म्हणून शापित झगा अंगाला चिकटलेल्यावर पट्ट्याही गुंडाळता येत नाहीत. शाप दूर होईपर्यंत तो शत्रूंपासून बराचसा सुरक्षित असतो आणि प्रत्येक दुकानाबाहेर उभा असतो.

६

उंबरठ्याबाहेर उभ्या असलेल्या या आकृतीचा अर्थ खेळापुरता मर्यादित ठेवणे कठीण आहे. राल्फ एलिसनच्या 'इन्व्हिजिबल मॅन' (१९५२) या कादंबरीने अदृश्यतेचा वेगळाच अर्थ रूढ केला. तिचा कृष्णवर्णीय निवेदक अदृश्य आहे तो इतरांनी त्याला पाहायचे नाकारल्यामुळे. त्याच्या अंगावर झगा नाही, उतरवण्याजोगे काही नाही. दारापाशी अडवले जाण्याचा अनुभव दलित आत्मकथनांच्या मराठी वाचकालाही परका नाही. तेथे क्रम उलटा असतो: आधी दार बंद होते आणि बाहेर राहिलेला माणूस आतल्यांच्या लेखी दिसेनासा होतो. खेळातील दुकानदाराचा नियम न्याय्य वाटतो, कारण झगा उतरवणे सहसा गिऱ्हाइकाच्या हाती असते. ते ज्याच्या हाती नाही, त्याच्या बाबतीत तोच नियम कठोर होतो; आणि दुकानदाराला या दोघांतला फरक करता येत नाही.

अदृश्यतेच्या प्रावरणाचा इतिहास बहुधा पराक्रमाचा, चोरीचा आणि स्वप्नपूर्तीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो उतरवण्याच्या क्रियेचाही इतिहास आहे. प्लेटोने ती गृहीत धरली, जर्मन महाकाव्याने तिची किंमत दाखवली, वेल्सने तिची शक्यताच काढून घेतली. 'नेटहॅक'च्या एकमेकांच्या बोलण्यापुरत्या उरलेल्या दुकानदाराने तिची जागा निश्चित केली: ती दुकानाच्या उंबरठ्यावर, आत पाऊल टाकण्यापूर्वी घडावी लागते. नियमांच्या संहितेला अर्थ नसतो, असे मानणाऱ्या समीक्षेने या उंबरठ्यापाशी क्षणभर थांबावयास हवे.