चवदार तळ्याचा दावा आणि बॅरिस्टर आंबेडकर

बंगळूरच्या विधान सौधासमोरून जाणाऱ्या रस्त्याचे नाव डॉ. आंबेडकर वीधी. एका बाजूस 1956 साली पूर्ण झालेली विधिमंडळाची वास्तू आणि तिच्यापुढे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळा. दुसऱ्या बाजूस उच्च न्यायालयाची तांबडी इमारत. जुने बंगळूरकर तिला अजूनही 'अट्टारा कचेरी' म्हणतात. कधी काळी तेथे अठरा खात्यांचा कारभार चाले, आणि त्या नावातला 'अठरा' मराठी कानाला ओळखीचा वाटल्यावाचून राहत नाही. मल्लेश्वरमहून कब्बन पार्ककडे सहलीला निघालेल्या मुलांना पुतळ्याकडे बोट दाखवून 'राज्यघटनेचे शिल्पकार' एवढे हमखास सांगितले जाते. परंतु समोरच्या इमारतीत जो व्यवसाय चालतो तोच बाबासाहेबांच्या उपजीविकेचाही व्यवसाय होता आणि त्यांच्या आयुष्यातील एक मोठी लढाई त्यांनी दिवाणी दाव्याच्या कागदांवर लढली, हे क्वचितच सांगितले जाते.

सुभेदार रामजी सकपाळांचा हा मुलगा 1907 साली मॅट्रिक झाला, 1912 साली मुंबईत बी.ए. झाला आणि बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठात गेला. 1916 साली लंडनच्या ग्रेज इनमध्ये त्याने कायद्यासाठी नाव नोंदविले. शिष्यवृत्तीची मुदत संपली, परत यावे लागले, सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून पैसे साठवावे लागले, तेव्हा कोठे 1920 साली पुन्हा लंडन गाठता आले. 1922 साली ते बॅरिस्टर झाले. 1923 साली मुंबईस परतल्यावर वकिलीची सनद घेण्यापुरतेही पैसे जवळ नव्हते; नवल भथेना हे पारशी मित्र मदतीस धावले.

सनद मिळाली, पण अशील कोठून आणायचे? मुंबई उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत बॅरिस्टरास काम मिळे ते सॉलिसिटरांच्या हातून, आणि अस्पृश्य बॅरिस्टराच्या हाती कागद देण्यास ती मंडळी तयार नव्हती. म्हणून बाबासाहेबांनी अपील शाखा आणि जिल्ह्यांतील न्यायालये यांची वाट धरली. घर चालावे म्हणून 1925 पासून एका खासगी संस्थेत ते व्यापारी कायदा शिकवीत. परळच्या दामोदर हॉलमधील त्यांच्या कचेरीत पक्षकारांपेक्षा गाऱ्हाणी घेऊन येणाऱ्या गोरगरिबांचीच वर्दळ अधिक असे.

त्या वर्षांतले त्यांचे काही खटले आजही स्मरणात आहेत. 'देशाचे दुश्मन' या पुस्तकावरून पुण्यात दिनकरराव जवळकर, केशवराव जेधे आदींवर अब्रुनुकसानीचा खटला झाला. खालच्या न्यायालयात शिक्षा झाल्यावर 1926 साली बाबासाहेबांनी अपिलात आरोपींना सोडवून आणले. 1934 साली 'समाजस्वास्थ्य' मासिकाचे संपादक र. धों. कर्वे यांच्यावर अश्लीलतेचा आरोप आला, तेव्हाही बाबासाहेब उभे राहिले. तो खटला ते हरले व कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. लैंगिक ज्ञानाविषयी प्रश्न विचारण्याचा वाचकाचा हक्क मान्य करण्यास त्या काळचे न्यायालय तयार नव्हते. हा पराभवही त्यांच्या वकिलीच्या इतिहासात मानाने नोंदवावा असाच आहे.

चवदार तळ्याच्या दाव्यात मात्र ते नुसते वकील नव्हते. स्वतः प्रतिवादी होते.

सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या विहिरी, तळी, धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा सी. के. बोले यांचा ठराव 1923 साली मुंबई विधिमंडळात संमत झाला होता. त्यास अनुसरून महाडच्या नगरपालिकेने 1924 साली आपले तळे खुले केले, पण कागदावरच. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी हजारो अनुयायांसह त्या तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले. त्यानंतर परिषदेस आलेल्या लोकांना मारहाण झाली, आणि 108 घागरी पंचगव्य ओतून तळे 'शुद्ध' करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठरावच मागे घेतला. येथपर्यंतची हकीकत पाठ्यपुस्तकात असते.

पुढची हकीकत न्यायालयातली आहे. डिसेंबरअखेर दुसरा सत्याग्रह ठरला होता. 12 डिसेंबर रोजी महाडच्या काही स्पृश्य रहिवाशांनी तेथील दुय्यम न्यायाधीशांच्या कोर्टात दावा दाखल केला. क्रमांक 405, सन 1927. तळे खासगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे, त्याचे पाणी वापरण्याचा हक्क फक्त स्पृश्यांचा आहे, असे ठरवून मागितले होते. बाबासाहेब व त्यांचे सहकारी यांना समस्त अस्पृश्यांचे प्रतिनिधी म्हणून प्रतिवादी केले होते. दोनच दिवसांत तात्पुरता मनाई हुकूम निघाला.

आता प्रसंग कठीण होता. 25 डिसेंबरला हजारो माणसे महाडात जमली. तुरुंगात जाण्याची सिद्धता ठेवून आली होती. परिषदेस जागा मिळेना, ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. त्याच रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. पण तळ्याचे काय? न्यायालयाचा हुकूम मोडावा तर सरकार अंगावर येणार आणि खरा प्रतिपक्ष बाजूला राहणार. बाबासाहेबांनी सत्याग्रह तहकूब केला. जमलेल्या लोकांना हे पटविणे किती जड गेले असेल, याची कल्पनाच करावी. मिरवणूक निघाली, तळ्याच्या बाजूने गेली आणि पाण्यास स्पर्श न करता परतली. पुष्कळांना ही माघार वाटली. पण तळ्यावरील हक्क न्यायालयात सिद्ध झाला तर तो उद्या कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहणार नाही, हे त्या बॅरिस्टरास दिसत होते.

दावा चालला तो सावकाश. मनाई हुकूम 1928च्या फेब्रुवारीत उठला, पण मूळ दाव्याचा निकाल लागायला 8 जून 1931 उजाडला. निकाल अस्पृश्यांच्या बाजूचा होता आणि त्याची मांडणी मोठी सूक्ष्म होती. स्पृश्यांनीच पाणी वापरण्याची वहिवाट दीर्घकाळची आहे, हे न्यायाधीशांनी मान्य केले. परंतु सार्वजनिक तळे एका वर्गाने वापरले आणि दुसऱ्याने वापरले नाही, एवढ्यावरून पहिल्यास दुसऱ्याविरुद्ध हक्क मिळत नाही, असे ठरविले. वादी ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात गेले. 1933 साली तेथेही हरले. मग उच्च न्यायालय. या अवधीत बाबासाहेब गोलमेज परिषदांना जाऊन आले, पुणे करार झाला, मुंबईच्या सरकारी विधी महाविद्यालयाचे ते प्राचार्य झाले, आणि इकडे महाडच्या तळ्याचा कागद तारखेमागून तारीख पुढे सरकत राहिला.

17 मार्च 1937 रोजी न्यायमूर्ती ब्रूमफील्ड व न्यायमूर्ती वाडिया यांनी अपील फेटाळले. तळे नगरपालिकेच्या ताब्यातील, भोवती रस्ते आणि रस्त्यांपलीकडे मुख्यतः स्पृश्यांची घरे. अशा ठिकाणी अस्पृश्य पूर्वी पाण्याला आलेच नसतील, तर त्यांना अडविण्याचा प्रसंगही आला नसेल. मग अडविण्याची रूढी अनादि काळापासून चालत आली, हे सिद्ध कसे व्हावे? पुराव्याचा भार वादींवर होता आणि तो त्यांना पेलला नाही.

दहा वर्षांनी तळे कायद्याने मोकळे झाले. पण निकालपत्र नीट वाचले म्हणजे एक गोष्ट खटकते. रूढी सिद्ध झाली असती, तर ती अन्याय्य किंवा सार्वजनिक हिताविरुद्ध म्हणून रद्द ठरली असती काय? या प्रश्नात शिरण्याची गरज नाही, असे न्यायमूर्तींनी म्हटले. म्हणजे विजय मिळाला तो पुराव्याच्या उणिवेवर. माणसाला पाण्यापासून दूर ठेवणे हेच मुळात बेकायदा आहे, असे त्या दिवशी कोणत्याही न्यायालयाने म्हटले नव्हते. दुसऱ्या एखाद्या गावाच्या स्पृश्यांजवळ अधिक जुना पुरावा असता, तर तेथल्या तळ्याचे काय झाले असते?

1947च्या ऑगस्टमध्ये मसुदा समितीचे अध्यक्षपद बाबासाहेबांकडे आले. 26 जानेवारी 1950 रोजी अमलात आलेल्या राज्यघटनेचा तेरावा अनुच्छेद मूलभूत हक्कांशी विसंगत असलेले कायदे रद्दबातल ठरवतो आणि 'कायदा' या शब्दात रूढी व परिपाठ यांचाही समावेश करतो. पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट, रस्ते अशी नावे घेऊन ते सर्व नागरिकांना खुले केले आहेत. सतराव्याने अस्पृश्यता नष्ट केली. ही कलमे अनेकांच्या विचारविनिमयातून घडली, हे खरे. तरी त्यांतील 'रूढी' आणि 'तलाव' हे शब्द वाचताना महाडचा 405 क्रमांकाचा दावा आठवतोच. पुढे 1955 साली संसदेने अस्पृश्यता (अपराध) अधिनियम केला, आणि अस्पृश्यतेच्या कारणावरून कोणास तळ्यावर पाणी भरू न देणे हा शिक्षेस पात्र गुन्हा ठरला. अडविले गेलेल्या माणसाने दिवाणी कोर्टात दहा वर्षे काढण्याची गरज त्यानंतर उरली नाही. त्याने पोलीस ठाण्यात जायचे होते.