हरिश्चंद्रगडापलीकडचे विमान

आमच्या नगर जिल्ह्यातील, आता अहिल्यानगर म्हणायचे, हरिश्चंद्रगडावर उभे राहिले की दक्षिणेस जुन्नरचे डोंगर दिसतात. गडाची उंची १,४२४ मीटर, म्हणजे साडेचार हजार फुटांहून अधिक. दरवर्षी ती मुलांकडून घोकून घेताना मला एका आषाढातल्या रात्रीची हकीकत आठवते.

७ जुलै १९६२. सिडनीहून रोमला निघालेले अलिटालिया कंपनीचे डीसी-८ विमान बँकॉकहून मुंबईकडे येत होते. मुंबई जवळ आली अशा समजुतीने वैमानिक अंधारात खाली उतरू लागला. मुंबई अजून सुमारे ८४ किलोमीटर दूर होती! मध्यरात्र उलटल्यावर सुमारे ३,६०० फुटांवर विमान जुन्नरच्या डोंगरावर आदळले. आतल्या ९४ जणांपैकी एकही वाचला नाही. आमच्या गडाचा माथा त्याहून हजार फूट वर आहे.

चौकशी झाली. मार्गाचा हिशेब चुकला, हाताशी असलेल्या साधनांनी आपला ठाव पडताळला नाही, सुरक्षित उंचीची मर्यादा मोडली आणि या मुलखाची ओळख नव्हती, असा निष्कर्ष निघाला. तो पटण्याजोगा आहे. तरी मनात एक कुसळ राहते. ज्याच्यावर ठपका आला, तो साक्षीला येऊ शकत नव्हता. आणि विमानतळ, बिनतारी यंत्रणा, आकाशातील वाहतुकीचे नियंत्रण ही सारी सरकारच्याच विमान खात्याकडे होती. कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. पण आपल्याच वर्गाच्या उत्तरपत्रिका आपणच तपासल्या म्हणजे हात कसा सैल पडतो, ते आम्हा मास्तरांना विचारा!

आगगाडीच्या बाबतीत हे शहाणपण फार आधी आले. १९३७ साली बिहारमध्ये बिहट्याजवळ गाडी रुळांवरून घसरून शंभरावर माणसे दगावली. पुढे १९३९ साली एका समितीने, रेल्वेचा तपास रेल्वेवाल्यांच्या हाताखाली नसावा, असे बजावले. मे १९४१ मध्ये तपासनीस रेल्वे बोर्डापासून वेगळे काढून टपाल व हवाई खात्याकडे दिले गेले. आजही रेल्वे सुरक्षा आयुक्त रेल्वे मंत्रालयाचे नव्हेत, नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे.

गंमत पाहा. परक्या घरच्या अपघातासाठी पंच ज्या घरात बसवला, त्या घरच्या स्वतःच्या अपघातांना वेगळा पंच मिळायला २०१२ साल उजाडले. त्याच्या दोनच वर्षे आधी मंगळूरला १५८ माणसे गेली होती. विमान अपघात अन्वेषण कार्यालय तेव्हा निघाले खरे, पण तेही त्याच मंत्रालयाच्या छपराखाली. मला हे अर्धेच काम वाटते.

१२ जून २०२५ रोजी अहमदाबादेत विमान कोसळले. आतील २४२ पैकी २४१ जण गेले. महिन्याभरात प्राथमिक अहवाल आला आणि पुन्हा बोट गेले ते वैमानिकांकडेच. त्याच वर्षी, निःपक्षपाती चौकशी व्हावी अशी मागणी घेऊन एका मृत वैमानिकाचे वृद्ध वडील सर्वोच्च न्यायालयाच्या दारी गेले.