केवडा एक, रूपे अनेक!
काकडीवरील रोगकारक बुरशींचे जनुकीय वैविध्य

पावसाळ्यात काकडीचा मांडव हिरवागार दिसत असतानाच पानांवर पिवळसर, शिरांच्या मर्यादेत राहणारे कोनाकृती ठिपके उमटू लागतात. पानांच्या खालच्या बाजूस करड्या-जांभळट रंगाची वाढ दिसते आणि पाहता पाहता वेली करपून जातात. हाच केवडा रोग. कोकणपट्टीतील दमट हवा आणि सतत ओली राहणारी पाने त्याला पोषक ठरतात. पूर्वी लागू पडणारे औषध पुढे निरुपयोगी का ठरते, या शेतकऱ्यांच्या नेहमीच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी या रोगकारकाच्या जनुकीय वैविध्यात दडलेले आहे.

प्रमुख रोग
काकडीवर केवड्याखेरीज भुरी, करपा आणि मर हे रोग प्रामुख्याने आढळतात. भुरीस ‘पोडोस्फेरा झँथी’, करप्यास ‘कोलेटोट्रायकम ऑर्बिक्युलेरी’, तर मर रोगास ‘फ्युजेरियम ऑक्झिस्पोरम’ ही बुरशी कारणीभूत असते. मर रोगाची बुरशी जमिनीत अनेक वर्षे तग धरते. केवड्यास कारणीभूत असलेला ‘स्युडोपेरोनोस्पोरा क्युबेन्सिस’ हा जीव मात्र शास्त्रीयदृष्ट्या खरी बुरशी नाही. बटाट्यावरील उशिरा येणाऱ्या करप्याच्या रोगकारकाशी त्याचे जवळचे नाते आहे. १८६८ मध्ये क्युबातील नमुन्यावरून त्याचे प्रथम वर्णन झाले. तो केवळ जिवंत वेलींवरच जगतो आणि त्याचे बीजाणू वाऱ्याबरोबर दूरवर पसरतात.

एका नावाखाली दोन कुळे
रोगाचे नाव एक असले तरी रोगकारक एकजिनसी नसतो. जनुकीय अभ्यासातून केवड्याच्या रोगकारकाचे दोन मोठे गट स्पष्ट झाले आहेत. त्यांपैकी एक प्रामुख्याने काकडी व खरबूज या पिकांवर, तर दुसरा भोपळा, कलिंगड आदी वेलींवर आढळतो. त्याचे ए-१ आणि ए-२ असे दोन संयोगप्रकारही आहेत. हे दोन्ही एकत्र आल्यास लैंगिक प्रजननातून जनुकांची नवी सरमिसळ होऊ शकते.

याचे परिणाम जगाने अनुभवले आहेत. मेटालॅक्सिल या औषधाला न जुमानणारा केवडा १९८० च्या सुमारास इस्रायलमध्ये आढळला. स्ट्रॉबिल्युरिन गटातील औषधांबाबतही तेच घडले. रोगकारकाच्या एका प्रथिनातील १४३ व्या स्थानी एकच अमिनो आम्ल बदलले, तरी हे औषध निष्प्रभ होते. शेतात औषध बदल घडवत नाही. आधीच असलेल्या थोड्या प्रतिकारक्षम जीवांना ते मोकळे रान देते, एवढेच.

भारतीय बियाण्याचे देणे
काकडीचे मूळ स्थान भारत मानले जाते. भारतातून अमेरिकेत गेलेल्या ‘पीआय १९७०८७’ या वाणातील प्रतिकारशक्ती वापरून तेथील दक्षिण कॅरोलिना राज्यात १९६६ मध्ये ‘पॉइनसेट’ हे वाण तयार झाले. पुढे ते भारतातही रुजले. या वाणातील केवडा-प्रतिकारक जनुकाने अमेरिकेतील पिकाला सुमारे चार दशके संरक्षण दिले. २००४ मध्ये मात्र तेथे केवड्याची मोठी साथ आली आणि हे संरक्षण अपुरे ठरले. रोगकारकाचा नवा प्रकार बाहेरून आल्याचे अभ्यासकांचे मत आहे. एकाच जनुकावर विसंबण्याचा धोका त्यातून अधोरेखित झाला.

रोडपालीच्या निमित्ताने
रोगकारकाच्या वैविध्याला उत्तर द्यायचे, तर पिकाचेही वैविध्य हवे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे ‘शीतल’ आणि राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे ‘हिमांगी’ ही वाणे शेतकऱ्यांना परिचित आहेत. मात्र नव्या वाणांसाठी लागणारा कच्चा माल गावोगावच्या जुन्या काकड्या आणि तवशी यांतच असतो. पनवेल तालुक्यातील रोडपालीसारख्या गावांच्या परिसरात आज सिडकोच्या वसाहती उभ्या आहेत. शेत गेले की घरात राखलेले बियाणेही पेरणीअभावी संपते. ते एकदा गेले की प्रयोगशाळेत नव्याने घडवता येत नाही. म्हणूनच नवी दिल्लीतील राष्ट्रीय जनुकपेढीत आणि तिच्याशी संलग्न राष्ट्रीय ब्युरोच्या अकोला येथील केंद्रात होणाऱ्या जतनाला महत्त्व आहे.

शेतकऱ्यांनी काय करावे?
एकाच गटातील बुरशीनाशक सलग फवारू नये. वेगवेगळ्या पद्धतीने काम करणारी औषधे आलटून पालटून, शिफारशीनुसारच वापरावीत. मांडवात हवा खेळती ठेवावी, सायंकाळी पानांवर पाणी देणे टाळावे आणि रोगट पाने गोळा करून नष्ट करावीत. मर रोग आढळलेल्या जमिनीत वेलवर्गीय पिकांची फेरपालट करावी. परसात गावठी तवशाचा एखादा वेल असेल, तर निरोगी, पक्व फळाचे बी अवश्य राखून ठेवावे. उद्याच्या केवड्यावरचा उपाय कदाचित त्यातच असेल.